नऊ नंबरच्या तीन स्लाईड

दिवसाला तीनच फेऱ्या करणारी नऊ नंबरची बस बंद करायची की नाही, हे अकराच्या बैठकीत ठरणार होतं आणि बसची बाजू मांडायची होती मी. वीस वर्षं डेपोत बसून वेळापत्रकं करते ना, म्हणून. एकवीस स्लाईड तयार होत्या. आदल्या संध्याकाळी नणंदेला दाखवल्या, तर सातव्या स्लाईडला तिनं जांभई दिली. ती शाळेत शिकवते. जांभई कुठं द्यायची हे तिला पक्कं ठाऊक.

"वहिनी, आकडे त्यांच्याकडेही आहेत. यात माणूस कुठंय?"

तिनं कोरा कागद पुढं सरकवला. "मुलांकडून करून घेते तसा माइंड मॅप काढ. मधोमध मुख्य गोष्ट, तिला फांद्या. मग एकाच फांदीची गोष्ट सांगायची, रंगवून."

मी गोल काढला, हातानं आपोआप लिहिलं, 'डेपो'. डिझेल, ड्रायव्हर, टायर, फेऱ्या... फांद्या झरझर फुटल्या. मला वाटलं, जमलं की!

"डेपोत कुणी राहतं का गं?" नणंद म्हणाली.

खोडून 'शेवटचा थांबा' लिहिलं आणि पेन अडलं. तिथं बस सहा चाळीसला पोचते, एवढंच मला ठाऊक. चढतं कोण? त्या थांब्यावर मी उभ्या जन्मात गेले नव्हते.

सकाळी सहाच्या नऊ नंबरमध्ये मला बघून कंडक्टर दचकला. "ताई, तपासणी?"

"नाही रे, शिकवणी."

शेवटच्या थांब्यावर एक बाई म्हाताऱ्या आईला धरून चढली. रुग्णालयात फरशी पुसायला जाते म्हणाली. आईला एकटं ठेवता येत नाही, म्हणून वाटेत चौथ्या थांब्यावर बहिणीच्या हवाली करायचं. बहीण तिथं हात पुढं करून उभीच होती.

"आई उतरेपर्यंत ड्रायव्हर अर्धं मिनिट जास्त थांबतो," बाई कुजबुजली. "वेळापत्रक करणाऱ्यांना सांगू नका हं."

"छे, छे," मी म्हटलं.

हिसके खात मांडीवरच नवा कागद भरला. त्यातून तीन स्लाईड केल्या: थांबा, दोघी बहिणींचे हात, पुसलेली फरशी. जुन्या एकवीस काढून टाकल्या. सोपं होतंय म्हणजे नक्की काहीतरी चुकतंय, असा माझा स्वभाव.

बैठकीत मी बोलत होते तेव्हा कुणी फोनला हात लावला नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"सकाळची फेरी राहू दे," ते म्हणाले. "दुपारच्या दोन्ही बंद."

माझा जीव खाली आला आणि तसाच पुन्हा वर गेला. "साहेब, दुपारी रोज अकरा जण असतात."

"कोण?"

मला आकडा तोंडपाठ, माणूस एकही नाही. सकाळच्या बाईची गोष्ट मी इतकी रंगवून सांगितली होती, की दुपारच्या अकरा जणांना मीच बसमधून खाली उतरवलं होतं.

"आज बघून येते," मी उठलेच. "चारपर्यंत निर्णय लिहू नका."

"बाई, तुम्ही प्रत्येक फेरीची गोष्ट सांगणार?"

"दोनच राहिल्यात."

शेजारचे साहेब हसले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "चार म्हणजे चार."

मी टेबलावरचे दोन कोरे कागद उचलले आणि जिना उतरायला लागले. बारा दहाची सुटायला सहा मिनिटं होती, आणि ती मिनिटभरही थांबत नाही. मीच तशी लावली आहे.