समुद्राकडची भिंत

आमच्या किनाऱ्यावरच्या एकाही जुन्या घराला समुद्राकडे खिडकी नाही. घरं वाळूपासून हाकेच्या अंतरावर, पण सगळी पाठ करून बसलेली, जेवणावर रुसलेल्या माणसांसारखी. मी शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे याचं कारण मला माहीत आहे. दर वर्षी सांगतो.

पूर्वी समुद्रातून लुटारू यायचे. दिवा दिसेल तिथे होड्या लावायचे, म्हणून लोकांनी त्या बाजूच्या खिडक्या बुजवल्या. मग एका राजानं लुटारूंचा बंदोबस्त केला आणि लोकांनी आनंदानं खिडक्या उघडल्या. बंदोबस्ताचा खर्च निघावा म्हणून राजानं समुद्राकडच्या प्रत्येक खिडकीवर कर बसवला. लोकांनी परत बुजवल्या. पुढे परदेशी व्यापारी गलबतं घेऊन आले, त्यांना हात करायला उघडल्या. व्यापाऱ्यांच्या मागून त्यांचे शिपाई उतरले, तेव्हा बुजवल्या. नंतर महायुद्धात समुद्राकडे उजेड दिसू देऊ नका असा हुकूम निघाला, पण तोवर बुजवायला काही उरलंच नव्हतं. राजवटी बदलल्या, भिंत राहिली. वर्गात या वाक्याला हमखास एक जांभई येते.

तर धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, मागच्या खोलीला समुद्राकडे खिडकी पाडतोय. पाहुण्यांना राहायला देणार. समुद्र दिसल्याशिवाय कुणी येत नाही."

"मग पाड की."

"आई पिशवी भरून बसलीय. म्हणते, भिंतीला भोक पडलं की मी चालले मामाकडे, कायमची. तू ये. तुझं ऐकते ती."

आईनं माझं शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवत नाही. तरी गेलो.

मामाचं गाव डोंगरापलीकडे. तिथून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. आमचे वडील होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. तेव्हा भाऊ पाळण्यात होता आणि मी कळायला लागल्यापासून मामाकडेच राहत होतो, शाळाही तिथलीच. पुढे आई वाळूकडे फिरकली नाही. बाजाराला जायचं तर वळसा घालून, मान खाली. आता या वयात ती गेली, तर परत यायची नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. भाऊ ते बोलून दाखवत होता, मी नाही. फरक एवढाच.

"आई, अगं एक खिडकी तर आहे," मी म्हणालो.

"मग माझ्या डोक्यातच पाडा."

"लोक पैसे देऊन समुद्र बघायला येतात," भाऊ म्हणाला.

"त्यांचं कुणी गेलं नसेल त्यात."

"दादा, तू तिला इतिहास सांग ना!"

मी सांगितला. लुटारू, राजा, कर, सगळं. आई शेंगा सोलत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "झालं?"

गवंडी सकाळपासून ताटकळला होता. "तुमचं ठरेपर्यंत गिलावा तरी काढून ठेवतो," असं म्हणून तो मागच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं तिथूनच ओरडला, "अहो, इथं खिडकी होतीच की! मला कशाला बोलावलंत?"

आम्ही धावलो. गिलाव्याखाली लाकडी चौकट होती आणि आत भरलेल्या विटा.

"राजाच्या काळातली असेल का रे?" भावानं विचारलं.

काळ सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. विटांमधून सिमेंट होतं.

"ती मी बुजवून घेतली," आई दारातून म्हणाली. "तुमच्या बापानं पाडली होती, लग्नाच्या वर्षी. अख्ख्या गावात एकच. गाव हसलं. मी इथं बसायचे. होडी दिसली की चूल पेटवायची."

"मग?"

"मग एका संध्याकाळी नाही दिसली. मग रोजच नाही दिसली."

"किती दिवस बसलीस?"

"हा रांगायला लागेपर्यंत."

भाऊ जमिनीकडे बघत राहिला. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मनात आलं ते एवढंच, की वर्गात सांगायचं पहिलं वाक्य आता बदलावं लागणार.

"राहू दे," भाऊ गवंड्याला म्हणाला. "लिंपून टाका परत."

"एक वीट निघालीय पण."

निघाली होती. भोकातून उजेडाचा एक चौकोनी तुकडा फरशीवर पडला होता. आई तो ओलांडून भिंतीशी गेली, वाकली आणि एक डोळा लावून बघायला लागली. आम्ही तिघं तिच्या पाठीकडे बघत उभे. गवंड्यानं विडी काढली आणि परत खिशात ठेवली.

"काय दिसतंय?" शेवटी भावानं विचारलं.

"काही येत नाहीये," आई म्हणाली.

गवंड्यानं थापी उचलली.

"मावशी, काय करू मग? बुजवू?"

"मोठी कर. वाकून बघायला होत नाही आता."

भावानं घसा साफ केला. "मग मामाकडे?"

"तिथून काय दिसणार आहे?" ती भोकापासून न हलता म्हणाली. "आणि पाहुण्यांना पुढची खोली दे."