पुढचे या

लोकांच्या गुडघ्यांवर ज्याचं पोट चाललं होतं, त्याला आईच्या गुडघ्यासाठी वेळ नव्हता. असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर फिजिओथेरपिस्ट साहेब चवताळून उठले असते. मनातल्या मनात मात्र त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

आईची खोली वर. पण जिना चढवत नाही म्हणून हल्ली ती खालीच दिवाणावर झोपायची. तिला व्यायाम शिकवायचा तर रोज शेजारी बसायला हवं, पाय धरून दाखवायला हवं. दिवसभर तेच करून आलेल्या माणसाच्या ते जिवावर यायचं. मग त्याने ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची डबी आणून तिच्या गळ्यात मारली. वर "गुडघ्यातली झिजलेली गादी भरून येते याने," असंही ठोकून दिलं. आई खूश! लेकच गुडघ्यातला जाणकार, मग काय! डबी संपली की तो दुसरी आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि पाय काढता घ्यायचा.

त्या दिवशी क्लिनिकमधल्या पलंगावर एक निवृत्त पोस्टमन पाय पसरून बसले होते.

"साहेब, ती गादी भरणारी गोळी लिहून द्या की."

"छे हो! कसली गादी भरतेय? झिजली ती झिजली. मांडीचे स्नायू घट्ट करा, भार ते उचलतील. गोळीवर विसंबून बसलात तर आहे तेही जाईल."

हे भाषण त्याला तोंडपाठ होतं, आणि तो त्यात जीवही ओतायचा. पोस्टमनना पटलं. ते गेले.

"पुढचे या," हात पुसता पुसता त्याने हाक दिली.

पडदा सरला आणि भिंतीला धरून आई आत आली. बाहेरच्या बाकावर ती कधीची बसली असणार. पडदा म्हणजे नुसतं कापड, आतलं सगळं बाहेर ऐकू जायचं.

"आई? तू इथे कशी?"

"नंबर लावून आले. घरी तुझा नंबर लागत नाही ना!" ती हसली आणि पलंगावर टेकली.

त्याने तिची मांडी चाचपली. हाताला नुसती कातडीच लागली. परक्या माणसाची अशी मांडी पाहून तो घरच्यांवर डाफरला असता.

"तू... ऐकलंस?"

"ऐकलं की. किती छान समजावतोस रे लोकांना."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी तुला खोटं सांगितलं, आई. शिकवायचा कंटाळा केला."

"मी मात्र एक गोळी चुकवली नाही हो," ती म्हणाली. "तू दिलेली म्हणून."

त्याने टॉवेल गुंडाळून तिच्या गुडघ्याखाली ठेवला. "हा खाली दाब. धरून ठेव. आता सोड." तिचा पाय थरथरत होता, तरी ती दाबत राहिली. त्याने पुन्हा सांगितलं, पुन्हा धरलं.

शेवटी आईच उठली. "पुरे आता. बाहेर एक बाई बसल्यात, फार कण्हतायत बिचाऱ्या. त्यांना घे."

ती पडद्याबाहेर गेली. काउंटरवरच्या मुलीशी ती हळूच बोलत होती, पण त्याला शब्दन् शब्द ऐकू आला.

"मला पुढची वेळ द्याल का? साहेबांना सवड असेल तेव्हाची चालेल."