सगळे पाठ फिरवतात ते चित्र

मी एक चित्र आहे, आणि माणसांच्या पाठी पाहण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या एका गावात एस्किल नावाच्या तरुणानं मला रंगवलं. गोष्ट ग्रीक पुराणातली, पण ग्रीस त्यानं कधी पाहिला नव्हता. म्हणून माझ्यातला पाताळलोक म्हणजे गावाबाहेरची चुन्याची खाण आहे. वर वादळी ढगांची मात्र चंगळ. पुढे वीणा घेतलेला ऑर्फियस, मागे त्याची मेलेली बायको युरिडिसी; तिला तो परत न्यायला आलाय. ‘उजेडात पोचेपर्यंत वळून पाहिलंस, तर ती कायमची गेली,’ अशी मृत्युदेवाची अट. आणि हा शहाणा वळतोच!

युरिडिसी म्हणून उभी होती मासेवाल्याची मुलगी मारेन. एस्किल म्हणायचा, “दुःखी हो!” ती मात्र चादर गुंडाळलेल्या ऑर्फियसकडे, म्हणजे गावच्या पाववाल्याकडे बघून फिदीफिदी हसायची. ते हसू माझ्यात तसंच राहून गेलं.

पुढे नगरपालिकेनं मला लग्नाच्या खोलीत टेबलामागे लावलं. चित्रात नवरा-बायको आहेत, झालं! गोष्ट कुणाला ठाऊक? मग एका लग्नात लॅटिनच्या मास्तरांनी ती सांगितली आणि वऱ्हाडाच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून रीतच पडली: सही करताना मान खाली, आणि दाराबाहेर पडेपर्यंत मागे बघायचं नाही.

अखेर ठरलं, हे अशुभ चित्र शुक्रवारी तळघरात टाकायचं. त्याच सकाळी बोडिल आणि एगोनचं लग्न होतं. दोघंही सत्तरीपुढची, दोघांचाही पहिला जोडीदार गेलेला.

सह्या करून दोघं दाराकडे निघाली. “मागे बघू नका हं,” लग्न लावणारी थीरा म्हणाली.

“अगं, आमची पहिली माणसं आम्ही मागे वळून न बघताही गेलीच की!” बोडिल म्हणाली आणि गर्रकन वळली. “एगोन, बघ! ही तर हसतेय!”

“हसेल नाहीतर काय? नवऱ्याचा अवतार बघ. चादर तरी धड नेसायची!”

अठरा वर्षं माझ्याकडे पाठ करून लग्नं लावणारी थीराही वळली. बराच वेळ बघत राहिली.

दुपारी कामगार दोर घेऊन आले, तर ती दारातच आडवी उभी. “आज नको. मी अजून हिला नीट पाहिलेलं नाही.”

अजून मी भिंतीवरच आहे. कधी आलात, तर जाताना एकदा वळून बघा. कुणी नाहीसं होत नाही, ही माझी हमी. युरिडिसीसुद्धा इतकी वर्षं जागची हललेली नाही.