आढळ नाही

"माग दिसला की पुसायचा, झुंबरे. आपुन न्हाई सांगायचं, अन् मातीलाबी सांगू द्यायचं न्हाई."

बाप जाऊन वीस वर्षं झाली, तरी रानात शिरलं की हा आवाज झुंबरबाईच्या पुढं चालायचा. बापासारखीच तीही डिंक वेचायची आणि त्याच्यासारखंच एक जनावर जपायची : खवल्या मांजर. त्याच्या खवल्यांच्या अंगठ्या करणारे लोक गोड बोलत यायचे, पत्ता विचारायचे आणि पोतं भरून न्यायचे.

चौऱ्याहत्तरच्या माघात टेंभुर्णीपलीकडच्या त्या रानात रहमतुल्ला साहेब आले. तेही गोडच बोलले. दुर्मिळ जनावरांची पाहणी होती. ती कशासाठी, हे गावात सांगू नये असा हुकूम होता; नाहीतर लोक नसलेली जनावरंही दाखवतात. वनरक्षक पुंजारामनं वाट दाखवायला झुंबरबाईला दिलं.

"साहेब, सगळं रान हिच्या पदरात बांधलेलं हाय."

तीन दिवस ती उजाडायच्या आधी रानात गेली. शेपटी ओढल्याची रेघ दिसली की पळसाच्या डहाळीनं पुसून टाकी. मुंग्यांसाठी उकरलेलं वारूळ ओल्या मातीनं लिंपी, तान्ह्याची टाळू भरावी तसं हलक्या हातानं. मग ऊन वर आल्यावर साहेबांना त्याच वाटेनं फिरवी.

"किती साफ रान आहे, आपा!"

"असंच राह्यतं, साहेब."

तिसऱ्या दुपारी पुंजारामही रानात आला होता. सालईच्या झाडाखाली बसून साहेबांनी कागद भरला. 'आढळ नाही' लिहिलं आणि पेनाला टोपण घालताना उसासा सोडला. झुंबरबाईच्या काळजात मात्र आनंद मावेना.

"झालं का, पुंजारामदादा?"

"बिलकुल झालं. सोमवारपासून ह्या रानाची तोड. यक जनावर सापडलं अस्तं तर साहेब तोड थांबवणार व्हते."

"कोण थांबवणार व्हतं?"

"हेच की! त्याच्यासाठीच तर आल्ते. तुला काय वाटलं, हवा खायाला?"

गोड बोलणारा माणूस खराही असू शकतो, हे बापानं सांगितलंच नव्हतं. साहेब कागद पिशवीत घालू लागले. झुंबरबाईनं पिशवीचं तोंडच धरलं.

"साहेब, हाय ते! नाल्यावरच्या अंजनाच्या मुळात बीळ हाय. शेपटीवर पिल्लू बशीवून फिरून राह्यलंय."

साहेब बघतच राहिले. "मग तीन दिवसांत एक खूण कशी दिसली नाही, आपा?"

झुंबरबाईनं मान खाली घातली.

"म्याच पुसल्या, साहेब. रोज पहाटं, तुमच्या आधी येऊन."