डबा सांगेल ते खरं

घणसोली गावात पुतळाबाई पाटलांच्या घराचा तिसरा मजला गेले काही महिने भाडेकरूविना होता आणि पुतळाबाईंच्या जिवाला त्याचा घोर होता. त्यांची लेक नमिता मात्र खुशीत होती. खोली रिकामी म्हणजे रविवारी दुपारी खेळ.

खेळ म्हणजे पत्ते नव्हेत की कॅरम नव्हे. नमिता एक गोष्ट रचत जायची आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आपण काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं, ते जमलं की फसलं हे फासे सांगायचे. पुतळाबाईंच्या मते शिकलेल्या पोरांनी दुपारभर मांडी घालून थापा मारायच्या, एवढाच तो खेळ होता. तरी चहा त्याच आणून द्यायच्या.

या पोरांत पन्नाशी उलटलेली संध्या कशी, असा प्रश्न पडेल. तिचा मुलगा आकाश तिला घेऊन आला होता. एक खेळाडू नोकरीसाठी पुण्याला गेला, जागा रिकामी झाली, आणि आकाश म्हणाला, "आई, तू ये ना. रविवारी घरात बसून नुसती कपाटं तर आवरतेस." संध्या लगेच हो म्हणाली. मनातलं कारण तिनं त्याला सांगितलं नाही. ती स्वतःची परीक्षा घ्यायला आली होती.

गेल्या पावसाळ्यापासून तिला विसरायला होत होतं. लिफ्टमध्ये शेजारणीचं नाव आठवेना. मोबाईल फ्रीजमध्ये सापडला. तुमच्याआमच्या घरी हे रोज घडतं आणि आपण हसून सोडून देतो, पण संध्याला हसू येत नव्हतं. परभणीकडच्या गावात तिच्या आईचं, वेणूबाईचं, याच वयात असंच सुरू झालं होतं. आधी दूध उतू जाऊ लागलं, मग नावं गेली, आणि एके सकाळी वेणूबाईनं पोटच्या लेकीला विचारलं, "बाई, तुमी कुनाकडच्या?" संध्यानं आईचं सगळं केलं, कुणी नाव ठेवणार नाही असं केलं. ते एक वाक्य मात्र माशाच्या काट्यासारखं घशात राहिलं ते राहिलंच.

म्हणून तिनं हट्टानं मांत्रिकाचं काम मागून घेतलं, कारण सगळ्यात जास्त लक्षात ठेवायचं असतं ते मांत्रिकाला. पोरं सगळं मोबाईलमध्ये बघायची. संध्यानं ऑफिसातल्या बाद फायलींचे जाड पुठ्ठे आणले, सारख्या मापाचे कापले आणि एका पुठ्ठ्यावर एक मंत्र लिहिला. वर मंत्राचं नाव, मध्ये तो काय करतो ते, आणि खाली म्हणायची एक ओळ, तिची स्वतःची. नमिताला हे इतकं आवडलं की तिनं त्याचा रिवाजच करून टाकला. मंत्र टाकायचा तर ओळ मोठ्यानं म्हणायची, बघून म्हटली तरी चालेल. कार्ड हातात आहे तोवर मंत्र शाबूत. वापरलं की कार्ड डब्यात, आणि गोष्टीतली टोळी कुठं मुक्काम करून झोप काढेपर्यंत डब्यातलं कार्ड परत मिळायचं नाही.

"टिपून ठेवायची भानगडच नको," नमिता म्हणाली होती. "डबा सांगेल ते खरं."

डबा फरसाणाचा जुना पत्र्याचा होता आणि त्याचं झाकण कधीच धड बसत नसे. त्यात कार्ड टाकायचं काम कान्हानं अंगावर घेतलं होतं. कान्हा म्हणजे नमिताचा चुलत भाऊ, टेम्पोचा धंदा करणारा, धिप्पाड गडी. तो संध्याच्या शेजारीच बसायचा. गोष्टीत त्याचा लढवय्या होता आणि त्याचं नाव गजकर्ण. भारदस्त वाटलं म्हणून ठेवलं. ते एका त्वचारोगाचं नाव आहे हे त्याला कळलं तोवर फार उशीर झाला होता.

मागच्या रविवारी संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. पुतळाबाई ताटभर तिळाचे लाडू वर घेऊन आल्या, मऊ गुळाचे, हाताला लागणारे. कान्हा एक लाडू तोंडात आणि एक हातात अशा बेतानं राक्षसाशी लढत होता. संध्यानं चटईवर मांडलेल्या आपल्या कार्डांतून 'धुकं' टाकलं, गुहा धुक्यानं भरली, आणि नेमका तेव्हाच कान्हाला फोन आला की टेम्पो उरण फाट्याला बंद पडलाय. लढाई अर्ध्यावर राहिली. डब्याला हात लावायचा नाही, पुढच्या रविवारी इथूनच सुरू, असं ठरवून सगळे उठले.

आज सगळे वर आले तेव्हा पुतळाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. हातात झाडू होता. "आठवडा झाला, मुंग्या काय जाईनात! खाताव तुमी, न् झाराचा मी!"

"हो गं आई," म्हणत नमितानं दार लोटलं आणि फासे काढले.

राक्षस आज भलत्याच जोरात होता, किंवा कान्हाचे फासे भलतेच फुटके. तिसऱ्या घावात गजकर्ण आडवा झाला. नमितानं आवाज खाली आणला. "गजकर्णाचा श्वास थांबलाय. ही पाळी संपायच्या आत कुणी काही केलं नाही, तर तो गेला."

कान्हाचं तोंड एवढंसं झालं. इतके महिने जपलेला गडी होता तो. "काकू, वाचवा ना राव! तुमच्याकडं ते 'श्वास परत' हाय ना?"

"आहे की," संध्या म्हणाली आणि हातातली कार्डं चाळू लागली. दिवा, साखळदंड, पाण्यावरची वाट. पुन्हा चाळली. 'श्वास परत' नव्हतं.

"काकू, ते मागच्या वेळी वापरलं असणार तुम्ही," नमिता म्हणाली.

"नाही. मागच्या वेळी मी धुकं टाकलं. नुसतं धुकं."

"त्याच्या आधी पण काहीतरी टाकलेलं ना? पूल पडला तेव्हा?"

"तेव्हा मी दोर टाकला होता."

नमितानं डबा ओढला, हातावर आलेल्या दोन-चार मुंग्या झटकल्या आणि आतली कार्डं भराभर वरखाली केली. धुकं होतं, दोर होता, आणखी दोन होती. 'श्वास परत' तिथंही नव्हतं. आता तर कुणालाच काही कळेना. संध्यानं आपल्या मांडीखाली पाहिलं, चटईखाली पाहिलं, पर्स उलटी केली.

"पडलं असेल कुठंतरी, काकू. होतं असं," नमिता अगदी मऊपणानं म्हणाली. तिचा तो मऊपणाच संध्याला झोंबला. "पण रूल म्हणजे रूल. कार्ड हातात नाही, तर मंत्र वापरला असंच धरायचं."

"मी वापरलं नाही," संध्या म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

मग तिनं आकाशकडे पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. आकाश तिच्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता, चेष्टा नव्हती. माया होती आणि भीती होती, आणि भीती दिसू नये म्हणून चाललेली धडपड होती. संध्याला ती नजर चांगली ओळखीची होती. वेणूबाई चुलीपाशी बसून "मी जेवलेच न्हाई" म्हणायची, तेव्हा संध्या आपल्या आईकडे अशीच बघायची.

डोळे मिटून तिनं मागचा रविवार आठवला. धुकं टाकलं, ओळ वाचली, कान्हाचा फोन वाजला. मध्ये काही नव्हतं. पण आईलाही असंच वाटायचं ना? आईलाही खात्रीच असायची ना? ज्याचं जातं त्याला गेलेलं कळतं थोडंच!

"असेल," ती शेवटी म्हणाली. "वापरलं असेल. विसरले असेन मी."

नमितानं फासे गोळा केले.

तेवढ्यात दार ढकलून पुतळाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. ट्रे टेकवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी डबा उचलला आणि किंचाळल्याच. "आगो नमे! यो डबा कोनाचा हाय गो? मुंग्यांची जत्रा भरलीय याच्यान! मी आठवडाभर सगली खोली झारतंय, न् घर यांचा हितं!"

त्यांनी डबा चटईवर उलटा आपटला. कार्डं पसरली, मुंग्या चौफेर पांगल्या. पण सगळ्या पांगल्या नाहीत. एका कार्डाला त्या काही केल्या सोडेनात, त्याच्या कडेशी ओळीनं चिकटून बसल्या होत्या. ते होतं 'धुकं'.

संध्यानं ते उचललं, मुंग्या फुंकरल्या. कार्ड जाड लागलं. तिनं नख घातलं. कड सुटली, तपकिरी गुळाची एक तार लांबली, तुटली, आणि धुक्याच्या पाठीला तोंड लावून बसलेलं दुसरं कार्ड तिच्या हातात आलं. श्वास परत.

कुणाला कळायला वेळ लागला नाही. सगळे कान्हाकडे बघू लागले. संध्यानं धुकं टाकलं ते चटईवर मांडून ठेवलेल्या या कार्डाच्या वरच, आणि लाडवाच्या हातानं कान्हानं एकाऐवजी दोन उचलून डब्यात टाकली होती. आठवडाभरात गुळानं आपलं काम चोख केलं होतं.

"म्हंजे मी माज्याच हातानं..." कान्हा म्हणाला.

"खाताना हात पुसायला काय होतं रे तुला?" नमिता ओरडली. "काकू, सॉरी. खरंच सॉरी. तुम्ही बरोबर होता."

बरोबर होता! संध्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते तिनं थांबवलं नाही. पुतळाबाई घाबरून तिच्या शेजारी बसल्या. "ताई, काय झाला गो? मुंगी चावली काय?"

"नाही हो. मला वाटलं माझं आईसारखं होतंय. गेले कितीतरी महिने वाटतंय." बोलून टाकलं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. "आज तर खात्रीच झाली होती माझी."

आकाशनं एवढा मोठा श्वास सोडला की सगळ्यांनी वळून पाहिलं. "मला पण," तो म्हणाला. "फ्रीजमध्ये मोबाईल मिळाला ना, तेव्हापासून. म्हणून तर तुला इकडं आणलं. तू सगळं लक्षात ठेवतेस का ते बघायला."

मायलेकरं एकमेकांकडे बघत राहिली. एकाच घरात, एकाच ओट्यापाशी उभं राहून दोघांनी एकच भीती एकमेकांपासून लपवली होती, आणि परीक्षाही एकच मांडली होती.

"शहाणाच आहेस," संध्या म्हणाली.

"डॉक्टरांना एकदा दाखवून येऊ, आई. सहज. मी येतो सोबत."

"जाऊ की," ती म्हणाली. हे दोन शब्द कालपर्यंत तिच्या तोंडून निघाले नसते.

"ओ," कान्हा चुळबुळत म्हणाला, "ते सगला बरोबर हाय, पन मी मेलोय हितं."

नमितानं हसू दाबून फासे पुढे सरकवले. "काकू, टाकताय ना? ओळ म्हणा."

कार्डावर खालची ओळ गुळानं माखली होती आणि तिच्यावर एक मुंगी फिरत होती. संध्यानं गूळ पुसला नाही. कार्ड उलटं ठेवून वर हात ठेवला आणि डोळे मिटले. ही ओळ तिनं वेणूबाईकडूनच घेतली होती. वेणूबाई संध्याकाळी ओट्यावर उभी राहून अशीच पोरांना हाक मारायची. सगळ्यांची नावं विसरली, तरी ही हाक ती विसरली नव्हती.

"माघारी फीर रं लेकरा, दिवस बुडाला. ताट वाढलंय, चूल अजून गरम हाय."

एक शब्द अडला नाही. डोळे उघडले तर समोर आकाशचे ओठ हलत होते. त्यालाही पाठ होती.

गजकर्ण उठून बसला. पुतळाबाईंनी त्याच्या मालकापुढे चहा ठेवला आणि मेलेल्या माणसाला साखर जास्त लागते म्हणाल्या. कान्हानं सवयीनं कार्डाकडे हात नेला.

"हात लावायचा नाही," संध्या म्हणाली, आणि कार्ड तिनं स्वतः डब्यात टाकलं.