काकांची शंका

सर्किट फळ्यावर मुलांना समजेना, म्हणून कॉलेजातल्या बाई घरच्या टेबलावर दिवे जोडून व्हिडिओ करू लागल्या. मोबाईल धरायचे त्यांचे यजमान, निवृत्त इतिहासशिक्षक. एकदा ते मध्येच बोलून गेले, "अगं, दोन वाटा आहेत, तर सगळा करंट सोप्या वाटेनंच का जात नाही?" बाईंनी समजावलं, पण तेवढा भाग कापायचा राहिला. व्हिडिओ तसाच मुलांकडे गेला. यजमान ओशाळले.

दुसऱ्या दिवशी वर्गात कधीही न बोलणारी एक मुलगी उठली. "बाई, काकांनी विचारलं ना, तिथंच माझंही अडलं होतं. विचारायची लाज वाटायची."

संध्याकाळी हे ऐकून यजमान खुलले. "मग आज काय विचारू?"

"कळत नाही ते."

"मला तर काहीच कळत नाही गं!"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी मोबाईल पुस्तकांना टेकवला आणि यजमानांना शेजारी बसवून घेतलं.