कॅमेऱ्यामागची माणसं

लोक इस्पितळात फिट थांबावी म्हणून येतात. डॉक्टर प्रमेस्ती मात्र सोमवारपासून फिट यावी म्हणून डोळे लावून बसली होती. जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या त्या इस्पितळात अपस्माराच्या मुलांवर मेंदूची शस्त्रक्रिया सुरू करायची, हे तिच्या डोक्यातलं खूळ. पहिली पेशंट किनांती, वय सात. डोक्याला तारा, समोर कॅमेरा, औषध बेतानं कमी केलेलं. फिट मेंदूत कुठून उठते ते कळलं, तर तेवढाच भाग काढायचा. नाही कळलं, तर पोर फिटा घेऊन परत घरी, आणि तपासणीची खोली पुन्हा जुन्या गाद्या ठेवायला.

फिट आली, पुन्हाही आली. दोन्ही वेळा कॅमेऱ्यात दिसलं ते तपकिरी नक्षीचं कापड. आईनं, म्हणजे बू सुमीरानं (बू म्हणजे बाई), आपला जारिक क्षणात पोरीवर पांघरला होता.

"तारांवर मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदमच वादळ दिसतंय," सर्जन हार्यो म्हणाले. "आधी कुठला हात ओढला जातो ते दाखव. कापडाचं ऑपरेशन करायला शिंपी असतो."

प्रमेस्ती तरातरा खाटेपाशी गेली. "बू, पांघरू नका म्हटलं होतं ना?"

"हो, बू डॉक्टर."

तिसऱ्या फिटेलाही जारिकच दिसला. परदेशात शिकून आल्यापासून प्रमेस्तीला जावातला नुसता मान राखायला दिलेला होकारही खरा वाटू लागला होता, त्याला सुमीरा काय करणार?

मग प्रमेस्ती सांगायचं सोडून स्टूल ओढून बसली. "घरीही पांघरता?"

"छे. घरी आपलीच माणसं." सुमीरानं कॅमेऱ्याकडे पाहून आवाज खाली आणला. "त्याच्यामागं कोण बसलंय कुणास ठाऊक. पोर अशी वेडीवाकडी होते, ते परक्यानं बघायचं?"

कॅमेऱ्यामागं कोण बसतं, हे प्रमेस्तीनंही कधी नीट पाहिलं नव्हतं. तिनं पलीकडच्या खोलीतून तंत्रज्ञ वालुयोला आणलं. गेली कित्येक वर्षं त्याचा संबंध फक्त पडद्यावरच्या रेघांशी आलेला. तो शर्ट खोचत उभा राहिला.

"मास, गाव कुठलं?" सुमीरानं, दादा म्हणावं तसं, विचारलं.

"क्लातेन."

"लग्न?"

"अजून नाही."

"का बरं?"

वालुयो प्रमेस्तीकडे वळला. "हे तपासणीत येतं?"

"येतं," प्रमेस्ती म्हणाली.

हार्योंनाही यावं लागलं. ते हाताची घडी घालून आले, पण सुमीरानं तळलेलं टेंपे पुढं केल्यावर घडी सोडावी लागली. किनांतीनं त्यांना, तुम्ही घोरता का, असं विचारलं. त्यांनी खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिट आली. सुमीराचा हात जारिककडे गेला, थबकला, आणि तिनं कापड बाजूला सारून पोरीला कुशीवर वळवलं. डावा अंगठा आधी उडाला, मग अख्खा हात.

"मास वालुयो, दिसतंय ना?" ती कॅमेऱ्याला म्हणाली.

भिंतीपलीकडे वालुयो उठून उभा राहिला. "दिसतंय, बू."

हार्योंनी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं, तारांच्या रेघांशी ताडलं. "मेंदूची उजवी बाजू, डावा हात तीच चालवते. करतो मी."

प्रमेस्तीनं आईला सांगितलं. सुमीरानं पोरीच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "आणि ऑपरेशनच्या खोलीत आणखी कोण कोण असणार?"

प्रमेस्ती भूल देणाऱ्या डॉक्टरांना शोधायला निघाली. ते फार लाजाळू होते.